कुत्र्याला घर मिळते, त्या पुस्तकांविषयी

(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत जुळे सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या परिषदेसाठी मला ‘लहान मुलांची चित्रपुस्तके’ हा विषय सुचविण्यात आला. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा आहे. यास्तव त्यातील एकच लहानसा कोपरा मी निवडला आहे. बेवारशी कुत्र्याला अखेर मायेचे घर मिळते, अशी गोष्ट सांगणारी चित्रपुस्तके जगात पुष्कळ निघाली आहेत, आणि मुले ती पुन्हा पुन्हा मागून घेतात. त्या पुस्तकांविषयी मी बोलणार आहे. हे ऐकून काहींच्या मुखावर स्मित उमटले, ते माझ्या लक्षात आले. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतच्या खेड्यांतून आपण एवढ्या लांब आलात, ते कुत्र्याची गोष्ट ऐकण्यासाठी काय, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर माझे बोलणे संपेपर्यंत आपले आपणच द्यावे, अशी माझी विनंती आहे.

आपण ज्या वसाहतीत जमलो आहोत तिचे नाव जुळे सोलापूर. जुन्या शहराला जागा पुरेना, तेव्हा विजापूर रस्त्याच्या अंगाने त्याने आपले दुसरे रूप शेजारी वसविले, असे हे नावच सांगते. येथील पुष्कळ कुटुंबांची मुळे आपल्याच तालुक्यांतील खेड्यांत आहेत. अशा वाढत्या वसाहतीत एक दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले असेल. घराचे बांधकाम चालू असते तोवर वाळूच्या ढिगावर एक कुत्रे झोपते. राखणदार त्याला आपल्यातली अर्धी भाकरी टाकतो, आणि ते रात्रभर विटा-सिमेंटची राखण करते. पुढे बांधकाम पुरे होते, वास्तुशांत होते, लोखंडी फाटक बसते, आणि तेच कुत्रे फाटकाच्या बाहेर राहते. त्याने काही अपराध केलेला नसतो. घर झाले, एवढेच घडलेले असते. मुले हे पाहतात. मोठी माणसे पाहून विसरतात. मुले विसरत नाहीत. म्हणूनच ‘त्या कुत्र्याला घर मिळाले’ हे वाक्य मुलाच्या कानाला जसे लागते तसे आपल्या कानाला लागत नाही.

आता पुस्तकांकडे वळू. शाळेतील चित्रपुस्तकाचा इतिहास सांगणारे लोक बहुधा कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञापासून आरंभ करतात. मुलांना वस्तूंची ओळख चित्रांतून व्हावी म्हणून त्याने केलेले पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे छापले गेले. त्यातील वर्णमालेत एकेका ध्वनीसाठी एकेक प्राणी वा वस्तू योजिली आहे, आणि ‘र’ या ध्वनीसाठी गुरगुरणारे कुत्रे काढले आहे. म्हणजे मुलांच्या चित्रमय पाठ्यपुस्तकात कुत्रे अगदी आरंभापासून हजर आहे. मात्र तेथे ते केवळ एका ध्वनीचे धनी आहे. त्याला नाव नाही, भूक नाही, घर नाही. ते सर्व त्याला मिळावयास पुढे बराच काळ जावा लागला.

अशी तीन पुस्तके मी आपल्यापुढे ठेवतो. तिन्ही परदेशांतील आहेत, तरी त्यांतील प्रश्न आपल्या ओळखीचे आहेत.

पहिले पुस्तक लुडविग बेमेलमन्स यांचे, १९५३ सालचे. पॅरिसमधील एका जुन्या घरात बारा मुली आपल्या बाईंच्या देखरेखीखाली राहतात. त्यांतील मॅडेलीन ही धीट मुलगी पुलावरून नदीत पडते. एक कुत्री उडी घालून तिला वाचविते. मुली त्या कुत्रीला घरी आणतात, तिला नाव देतात. पुढे वार्षिक तपासणीसाठी विश्वस्त मंडळी येतात आणि शाळेत कुत्रे कशाला म्हणून तिला हाकलून देतात. मुली सारे शहर शोधतात. कुत्री सापडत नाही. अखेर ती रात्री आपण होऊन परत येते, आणि पुढे तिला इतकी पिल्ले होतात की प्रत्येक मुलीच्या वाट्याला एकेक यावे. या पुस्तकाला १९५४ साली अमेरिकेतील कॅल्डिकॉट पदक मिळाले. तपासणीच्या दिवशीच नको ते नेमके साहेबांच्या दृष्टीस पडते, हा अनुभव आपणांपैकी कोणाला नवा नसावा.

दुसरे पुस्तक १९५६ सालचे. जीन झायन यांनी लिहिले आणि मार्गारेट ब्लॉय ग्रॅहम यांनी चितारले. हॅरी हा पांढरा, काळ्या ठिपक्यांचा कुत्रा. त्याला आंघोळ नको असते. तो घासणी पुरून ठेवतो, घरातून पळतो, आणि धुळीत व कोळशात लोळून लोळून काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा होतो. परत आल्यावर घरचे कोणी त्याला ओळखत नाही. शिकविलेल्या साऱ्या उड्या तो मारून दाखवितो, तरी उपयोग होत नाही. तेव्हा तो पुरलेली घासणी उकरून आणतो. मुले त्याला न्हाऊ घालतात, आणि मग घर त्याचे होते. घर असूनही ओळख हरवली तर माणूस बेघर होतो, हे मोठे सत्य या लहानशा पुस्तकाने हसत हसत सांगितले आहे.

तिसरे पुस्तक मार्क सिमाँट यांचे, २००१ सालचे, नाव ‘भटके कुत्रे’ अशा अर्थाचे. एक कुटुंब सहलीला जाते. तेथे एक कुत्रे मुलांशी खेळते. मुले त्याला विली म्हणतात. निघण्याची वेळ येते तेव्हा आईवडील सांगतात की हे कोणाचे तरी असेल, त्याला नेता येणार नाही. घरी परतल्यावर आठवडाभर त्या घरातील प्रत्येकाच्या मनात ते कुत्रेच घोळत राहते. पुढच्या आठवड्यात ती मंडळी पुन्हा त्याच जागी जातात. इतक्यात कुत्रे धावत येते आणि त्यामागे कुत्री पकडणारा माणूस येतो. तो म्हणतो, याला गळपट्टा नाही, दोरी नाही, हे बेवारशी आहे. तेव्हा मुलगा आपल्या कमरेचा पट्टा सोडून देतो, हा याचा गळपट्टा. मुलगी केसांची फीत सोडून देते, ही याची दोरी. आणि विली घरी येतो. ज्याला कोणी नाही त्याला आपल्या अंगावरची वस्तू सोडून देणे, हीच त्याला आपले म्हणण्याची रीत, हे त्या दोन चित्रांत एका शब्दाच्या उपदेशाविना आले आहे.

हे पुस्तक मी काही वर्षांपूर्वी माळशिरस तालुक्यातील एका शाळेत मुलांना दाखविले. चित्रे दाखवीत गोष्ट मराठीत सांगितली. उसाचा हंगाम ऐन भरात होता, आणि वर्गात तोडणी कामगारांच्या पालांतून येणारी चार-पाच मुले होती. पट्टा आणि फीत यांचे पान आले तेव्हा वर्गाने टाळ्या वाजविल्या. मी समाधानाने पुस्तक मिटले. तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेल्या, पालावरच्या एका मुलाने विचारले, “गुरुजी, मंग मधल्या दिसांत त्यानं काय खाल्लं?”

मी चटकन म्हणालो, “मिळेल ते खाल्लं असेल.”

तो म्हणाला, “मिळत नसतंय.”

शिक्षक बंधुभगिनींनो, त्या मुलाला मी उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडले तेव्हा माझ्या ध्यानात आले की चित्रकाराने तो आठवडा दाखविला आहे, परंतु तो घरातल्या माणसांचा आठवडा आहे. कुत्र्याची आठवण काढणाऱ्यांचे दिवस त्यात आहेत. कुत्र्याचे दिवस त्यात नाहीत. पुस्तकात हा दोष आहे असे मला म्हणावयाचे नाही. गोष्टीला जेवढे दाखवावयाचे असते तेवढेच ती दाखविते. परंतु जे पान पुस्तकात नव्हते ते त्या मुलाने वाचले, कारण ते त्याच्या ओळखीचे होते. कारखान्याचा पट्टा पडला की पाल उठते, गाडी निघते, आणि पालाजवळ वाढलेली सारीच कुत्री गाडीखाली चालत जात नाहीत. मागे राहणाऱ्यांचे काय होते, हे त्याने पाहिलेले होते.

दया ही एका क्षणाची असते आणि घर हे सात दिवसांचे असते. आजच्या व्याख्यानात मला सांगावयाचे आहे ते एवढेच. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरील आनंद खरा आहे, पण मधल्या दिवसांचा हिशेब मुलांसमोर मांडल्याशिवाय तो आनंद शाळेने मुलाच्या हाती देऊ नये.

आपल्या परंपरेने हा हिशेब फार पूर्वी मांडला आहे. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सत्राची कथा आहे. सरमा नावाच्या देवांच्या कुत्रीचे पिल्लू तेथे येते आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. पिल्लू रडत आईकडे जाऊन सांगते की मी हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही, चाटले तर नाहीच. सरमा सत्रात येऊन विचारते की अपराध नसता माझ्या लेकराला का मारले? कोणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते की तुमच्यावर न दिसणारे भय येईल. आणि त्याच ग्रंथाच्या अखेरीस, महाप्रस्थानात, युधिष्ठिर आपल्यामागून आलेल्या कुत्र्याला सोडून इंद्राच्या रथात पाऊल ठेवावयास नकार देतो. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या एका टोकाला दाराबाहेर हाकललेले पिल्लू आहे आणि दुसऱ्या टोकाला स्वर्गाच्या दाराशीही न सोडलेले कुत्रे आहे.

इतके दूर जाण्याचे तरी कारण काय? पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. नामदेवांच्या हातची भाकरी कुत्र्याने पळविली, तेव्हा कोरडी खाऊ नकोस म्हणत ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा वारकरी परंपरेत घरोघर सांगतात. परदेशी पुस्तकांत कुत्रे घरी येते. या कथेत घरच कुत्र्यामागे धावत गेले आहे. मुलांना हा फरक दाखवावा. बाळ्याचा खंडोबा आपल्या शहरालगत आहे, आणि खंडोबाच्या भक्तीत कुत्र्याला मान आहे. अक्कलकोटच्या वाटेवरील किती तरी घरांत दत्ताची तसबीर असते आणि दत्ताच्या पायांशी चार कुत्री असतात. त्यांना चार वेद मानतात. ज्या भिंतीवर ही चार कुत्री पूजेला असतात, त्याच घराच्या उंबऱ्याशी पाचवे आले की काठी उचलली जाते. मुलांच्या नजरेतून हे सुटत असेल असे आपण समजू नये.

आपल्या भाषेचेही असेच आहे. ‘इमानी’ हे विशेषण आपण कुत्र्याला देतो, आणि माणसाचा अपमान करावयाचा झाल्यास त्याला कुत्र्याचीच उपमा देतो. ‘धोब्याचे कुत्रे, ना घरचे ना घाटचे’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. वस्तुतः ती बेघरपणाची करुण कथा आहे. चौथीच्या वर्गात ही म्हण शिकविताना एकच प्रश्न विचारून पाहावा: ‘त्या कुत्र्याचे घर कोणते असावयास हवे होते?’ धोब्याचे, असे मुले एकमुखाने सांगतील. मग दोष कोणाचा, हे विचारण्याची गरज राहणार नाही.

तथापि येथे मी आपणांस एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपण पुस्तकांचे रसिक आहोत त्याआधी मुलांचे रक्षक आहोत. ‘भुंकणारे कुत्रे चावत नाही’ ही म्हण मुलांना सल्ला म्हणून कधीही देऊ नये. भुंकणारे कुत्रे चावते. चित्रातील कुत्रे आणि गल्लीतील कुत्रे यांत अंतर आहे, आणि गोष्ट ऐकून भारावलेले मूल दुसऱ्याच दिवशी अनोळखी कुत्र्याच्या गळ्यात हात टाकावयास गेले, तर त्याची जबाबदारी गोष्ट सांगणाऱ्यावर येते. माणसाला होणाऱ्या रेबीजच्या बहुतेक सर्व घटना कुत्र्याच्या चाव्यातून घडतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे संशयित प्राण्यांनी चावलेल्यांत दहांपैकी चार पंधरा वर्षांखालील मुले असतात. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. पण लक्षणांपूर्वी वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. जुलै १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली आणि तो वाचला. पाश्चर यांचा मृत्युदिन २८ सप्टेंबर हा आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात.

म्हणून कुत्र्याचे पुस्तक ज्या दिवशी वाचाल त्याच दिवशी या गोष्टी फळ्यावर लिहा. अनोळखी कुत्रे समोर आले तर पळू नये. झाडासारखे स्तब्ध उभे राहावे आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. खाणाऱ्या, झोपलेल्या वा पिल्लांजवळ असलेल्या कुत्रीच्या वाटेला जाऊ नये. चावले वा नख लागले तर लपवू नये, लगेच सांगावे. जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, चुना, तिखट असे काही लावू नये, मंत्रतंत्रात वेळ दवडू नये, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठून सांगितलेल्या तारखांना लसीच्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात. मारतील या भीतीने मूल चावा लपविते, हा यातील खरा धोका आहे. तो केवळ शिक्षकाच्या मायेने दूर होतो.

शाळेच्या आवारात कुत्री पाळावी असे मी सुचवीत आहे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके इत्यादी ठिकाणांहून भटकी कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवावीत आणि अशा आवारांची कुंपणे नीट असावीत, असा आदेश दिला. बेमेलमन्स यांच्या पुस्तकातील विश्वस्त मुलांना दुष्ट वाटतात. परंतु आपल्या शाळेच्या आवारात कुत्रे नको म्हणणारा माणूस दुष्ट असतोच असे नाही. त्याच्या नजरेपुढे चावलेले मूल असते. हेही मुलांशी बोलावे. कुत्र्याला घर मिळणे आणि मुलाला निर्भयपणे शाळेत येता येणे, या दोन्ही गोष्टी एकाच उपायाने साधतात. कुत्रे कोणाचे तरी असावे, त्याला दरवर्षी रेबीजची लस मिळावी, आणि नको असलेली पिल्ले जन्मालाच येऊ नयेत म्हणून त्याचे निर्बीजीकरण व्हावे, हा तो उपाय होय. गोष्टीतील ‘मायेचे घर’ या शब्दाचा गावातील अर्थ हाच आहे. पशुवैद्यकीय दवाखाना आणि ग्रामपंचायत या दोन संस्थांची नावे त्या गोष्टीच्या शेवटी आली तर गोष्टीची गोडी कमी होत नाही.

आता आपल्या गावचे घर म्हणजे काय, याचाही विचार केला पाहिजे. परदेशी चित्रांतील कुत्र्याला आत घेतात, न्हाऊ घालतात, मऊ आसनावर निजवितात. आपल्याकडील मुलाला ते चित्र आवडेल, पण आपले कुत्रे तसे नाही म्हणून त्याला घर नाही, असे त्याला वाटू देऊ नये. सांगोल्याच्या माळावर मेंढरांबरोबर चालणाऱ्या धनगराच्या कुत्र्याचे घर चालते असते. ते कळपाभोवती असते. शेतातील वस्तीवरच्या कुत्र्याचे घर अंगणात असते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आपणांपैकी अनेकांनी वाचली असेल. धनगरांच्या वाडीवर गेलेल्या एका तरुण मास्तराची ती कथा आहे. परक्या गावात मास्तरालासुद्धा घर मिळवावे लागते, आणि ते भिंतींनी मिळत नाही, हे ती कादंबरी वाचून कळते. जो वेळेवर भाकर घालतो, नावाने हाक मारतो आणि दिसले नाही तर शोधावयास निघतो, त्याच्याजवळ कुत्र्याचे घर असते. छप्पर ही पुढची गोष्ट आहे.

अशी पुस्तके कोठून मिळवावी, असे आपण विचाराल. नॅशनल बुक ट्रस्ट ही संस्था १९५७ सालापासून अल्प किमतीत पुस्तके देत आली आहे. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ यासारख्या पुस्तकांनी मराठी घरातील साध्या गोष्टी चित्रांतून कशा सांगाव्या याचा धडा घालून दिला आहे. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा विनामूल्य वाचता व छापता येतात. अरविंद गुप्ता यांनीही जगातील पुष्कळ बालपुस्तके भारतीय भाषांत सर्वांसाठी खुली केली आहेत. समग्र शिक्षा योजनेतून ग्रंथालयासाठी मिळणारे अनुदान थोडे असले तरी त्यातून दहा-वीस चित्रपुस्तके सहज येतात. ती कपाटात कुलूपबंद राहू नयेत, एवढेच मागणे आहे. फाटलेले पुस्तक हे वाचलेल्या पुस्तकाचे लक्षण आहे.

आपल्या जिल्ह्यात चित्रपुस्तकाला आणखी एक कामगिरी आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत अनेक मुले घरी कानडी बोलतात. सोलापुरातील विणकर कुटुंबांतून आलेली मुले तेलुगू बोलतात. चित्रातील कुत्र्याकडे बोट दाखवून ‘हे काय?’ असे विचारले तर एक मूल ‘नायी’ म्हणेल, दुसरे ‘कुक्का’ म्हणेल, तिसरे ‘कुत्रं’ म्हणेल. तिघांचेही उत्तर बरोबर आहे. तिन्ही शब्द फळ्यावर लिहावेत. ज्या मुलाचा घरचा शब्द फळ्यावर लिहिला गेला, त्याला शाळेत घर मिळाले.

शेवटी एक सोपा उपक्रम सांगतो. कोणतेही असे पुस्तक वाचून झाल्यावर मुलांना सात कोरी पाने द्यावीत. प्रत्येक पानावर एक वार लिहावा. विषय द्यावा, ‘त्या कुत्र्याचा आठवडा’. सोमवारी ते कोठे झोपले, मंगळवारी त्याने काय खाल्ले, बुधवारी कोणी हाकलले, गुरुवारी कोणी पाणी ठेवले, हे मुलांनी काढावे. लिहिता न येणाऱ्याने चित्र काढावे, चित्र न काढणाऱ्याने सांगावे व दुसऱ्याने लिहावे. आपण सुधारणा करू नये, उपदेश करू नये. पाने टाचून त्यांचे पुस्तक करावे आणि पहिल्या पानावर सर्वांची नावे घालावीत. या एका कामात निरीक्षण, वारांची नावे, क्रम, वाक्यरचना आणि चित्रकला ही सर्व येतात, आणि ज्याचे नाव अभ्यासक्रमात सापडत नाही तेही येते.

त्या शाळेत आम्ही हे पुढच्या भेटीत केले. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी सातही पाने दिली. त्याने सोमवारी विझलेल्या चुलीतल्या उबदार राखेत झोपलेले कुत्रे काढले. मंगळवारी उसाच्या फडाच्या कडेला एक उंदीर काढला. बुधवारी नुसता एक दगड होता. तो कोणी मारला, हे त्याने सांगितले नाही. गुरुवारी एका मुलीच्या हातात भाकरीचा तुकडा होता. शुक्रवारी पुन्हा राख होती. शनिवार आणि रविवार काढावयाचे राहिले, कारण तोडणी संपली आणि टोळी निघाली. मुख्याध्यापकांनी त्याचे शिक्षण हमी कार्ड भरून वेळेवर त्याच्या वडिलांच्या हाती दिले होते, ही समाधानाची गोष्ट होती. वर्गातील मुलांनी विचारले, उरलेली दोन पाने आम्ही काढू का? मी म्हणालो, नको. तो पुढच्या हंगामात आला तर काढील. ते पाच पानांचे पुस्तक मुलांनी वाचनाच्या कपाटात इतर पुस्तकांबरोबर ठेवले, आणि दोन कोरी पाने त्याच्या नावासह त्यात राहू दिली.

आपल्या प्रत्येकाच्या हजेरीपटावर असे एखादे नाव असते. ते मूल इयत्तेच्या मध्येच येते आणि मध्येच जाते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने त्याला केव्हाही प्रवेश मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि तो देणे आपले कर्तव्य आहे. परंतु प्रवेश म्हणजे घर नव्हे. त्याला नावाने हाक मारणे, दोन दिवस दिसला नाही तर पालापर्यंत जाऊन पाहणे, आणि तो गेल्यावर त्याची पाने जपून ठेवणे, हे मधल्या दिवसांचे काम आहे. कुत्र्याच्या गोष्टीतून आपण मुलांना तेच शिकवीत असतो, आणि मुले आपण काय सांगतो याहून आपण काय करतो ते अधिक बारकाईने पाहत असतात.

 गावी परतल्यावर प्रत्येक शाळेतून एक सात पानांचे पुस्तक तयार व्हावे, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.